पयले मेन बंद करा

पंचशीलाताई पोळ्यानंतरच्या आठवड्यात गेल्या. त्या दिवशी दिग्रसमध्ये मी चार ठिकाणी एकच वाक्य ऐकलं, "बाई सोन्यासारखी होती, पण गिऱ्हाइकाले लई बोलत होती." यातला पहिला अर्धा भाग मेलेल्या प्रत्येक माणसाला लावतात. दुसरा मात्र शंभर टक्के खरा. ताई गिऱ्हाइकाला बोलायच्या, झापायच्या, प्रसंगी हाकलूनही द्यायच्या. मला त्यांनी मेन स्विच विकायला दोनदा नकार दिला, आणि त्यातला पहिला तर बाजाराच्या दिवशी, माझ्याच वर्गातल्या पोरांच्या दोन पालकांसमोर.

ही गोष्ट आमचं घर बांधून होत आलं तेव्हाची. मी शाळेत मराठी शिकवतो. आधी महागावला होतो, बदली होऊन दिग्रसला आलो आणि गावाबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. बोअरचा पंप, दोन एसी, गिझर आणि बायकोची पिठाची गिरणी, एवढा सगळा पसारा म्हणून थ्री फेजचं कनेक्शन मागितलं होतं. मीटर लागलं. राहिला फक्त घराचा मेन स्विच. "ताईच्या दुकानातून आना," गवंडी म्हणाला. मग शिडीवरून खाली वाकून त्यानं पुढचं सांगितलं, "अन् वाद घालू नका."

दुकान कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. पाटीवर 'विजेचं सामान' एवढंच. त्यातला शेवटचा 'न' जागा पुरली नाही म्हणून पेंटरनं खाली लिहिला होता, आणि तो तिथं एखाद्या उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखा उभा होता. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली वायरची बंडलं, आणि केबलच्या रिकाम्या ड्रमवर गादी टाकून बसलेल्या ताई. साठीच्या, काटकुळ्या. सुती पातळ आणि पायात जाड रबरी तळाचे कापडी बूट. हेच बूट घालून त्या लग्नाला जायच्या, बारशाला जायच्या आणि मयतालाही जायच्या. चष्म्याला दोरी होती तीसुद्धा लाल वायरची.

"थ्री फेजचा मेन स्विच द्या," मी म्हणालो. "शंभर अँपिअरचा."

शंभर हा आकडा मला मेहुण्यानं पुण्याहून फोनवर दिला होता. मेहुणा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे त्याला सगळ्यातलंच कळतं.

ताईंनी चष्मा वर सरकवला. "कायले? घरात जिनिंग टाकून राह्यले का?"

"नाही, घरच आहे. पण मोठा असला की सुरक्षित..."

"सर, दरवाजा मोठा केला म्हनजे चोर येत नाई का?"

मागं उभे असलेले दोन्ही पालक हसले.

"मेन स्विच म्हनजे दरवाजा," ताई म्हणाल्या. "चौकीदार नाई. लोड वाढला, शॉर्ट झालं, त खटकन पडते तो ब्रेकर. तो चौकीदार. हा आपल्या मनानं जाग्यावरून हालत नाई. घर जळून राह्यलं तरी हा उभाच. याले कोनाच्यातरी हातानं बंद करा लागते. मंजुरी किती किलोवॉटची हाय?"

"दहा."

"म्हनजे एका फेजले पंधरा-सोळा अँपिअर. वरचा ब्रेकर चाळीसचा. मेन त्याच्यापेक्षा लहान नको, बस. त्रेसष्टचा भरपूर झाला. शंभरचा काय पाहुण्यायले दाखवाले पाह्यजे?"

खरं सांगायचं तर थोडा दाखवायलाही पाहिजे होता. पण मी समंजसपणा दाखवून म्हणालो, "बरं, द्या मग त्रेसष्टचा."

"नाई देत. पयले घरात कोन कोन हाय थे लिहून आना."

ही मला नीट कळलेली पहिली गोष्ट वाटली. मी घरी जाऊन सुंदर अक्षरात यादी केली. फ्रिज, दोन एसी, पंप, गिरणी, मिक्सर, इस्त्री, अगदी डास मारायची रॅकेटसुद्धा. दुसऱ्या दिवशी ती ताईंच्या पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली, आणि मला परत दिली.

"माणसं कुठं हायत यात?"

"माणसं?"

"मी म्हनलं कोन कोन. काय काय नाई म्हनलं. मराठीचे मास्तर ना तुमी?"

दुकानातले सगळे या वेळी मोकळेपणानं हसले. मी सांगितलं की मी, बायको सुनंदा, आणि आमची माय.

"मायचं वय?"

"चौऱ्याहत्तर."

"उंची?"

मला आईची उंची माहीत नव्हती. जन्मभर जिच्या घरात राहिलो तिची उंची मला सांगता आली नाही, हे त्या दिवशी एका इलेक्ट्रिकच्या दुकानात कळलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं ते मी नापास मुलाकडे पाहतो तसं, आणि म्हणाल्या, "जा. परवा मीच येतो घरी."

त्या दोन दिवसांत मी गावात चौकशी केली तेव्हा कळलं, की असं होणारा मी पहिला नव्हतो. ताईंना फोन लावला की समोरून 'हॅलो' यायच्या आधी "पयले मेन बंद करा, मंग बोला," असं यायचं. तक्रार कोणतीही असो. एका शिक्षकानं त्यांना मुलीच्या बारशाचं आमंत्रण द्यायला फोन केला, तर त्यालाही आधी मेन बंद करायला लावलं. त्यानं केलंही. पंखा का बंद पडला असं बायकोनं विचारल्यावर तो म्हणाला, "बारशाचं आमंत्रण देतोय."

कशालाही हात लावायचा तर ताई हाताची मागची बाजू लावायच्या. चहाचा कप, आजारी पोराचं कपाळ, साडीच्या दुकानातलं कापड, सगळं आधी उलट्या हातानं. करंट असला तर तळहात आपोआप मिटतो आणि माणूस चिकटून राहतो, उलटा हात झटका खाऊन सुटतो, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं, की एका लग्नात नवरीच्या गालाला त्यांनी असा हात लावला तर नवरीची आजी म्हणाली, "बाई, पोरगी मेली नाई आमची."

त्या या धंद्यात आल्या कशा, हे त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि दर वेळी तितक्याच रंगून. दहावी झाल्यावर वडील त्यांना यवतमाळला आयटीआयमध्ये घेऊन गेले ते शिवणकामाला घालायला. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "तारतंत्रीत जागा आहे, टाकू का?" वडिलांना वाटलं, तार म्हणजे पोस्टातली तार. पोरगी तारमास्तरीण होणार म्हणून ते खूश. ताईंना वाटलं, तंत्री म्हणजे काहीतरी वाजवायचं असेल. पहिल्या दिवशी गेल्या तर तो निघाला वायरमनचा वर्ग, समोर चाळीस पोरं आणि भिंतीवर विजेच्या मोटारीचं चित्र.

"मग परत नाही गेलात?" मी एकदा विचारलं.

"कायले जाऊ? चाळीस पोट्टे एका पोरीले भेऊन राह्यले होते. असा मान पुन्हा कुठं भेटते?"

त्यानंतर पंचवीस वर्षं त्या दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये विजेच्या पॅनेलवर होत्या. ते बंद पडल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं.

तर परवा त्या आल्या. नेमके त्याच वेळी आमच्याकडे वास्तुवाले काकाही आले होते. त्यांना सुनंदानं यवतमाळहून बोलावलं होतं. पांढरा सदरा, हातात होकायंत्र, मागं गाडी. ते प्लॅनवर बोट ठेवून सांगत होते, "वीज म्हणजे अग्नी. अग्नीची दिशा आग्नेय. मेन स्विच आग्नेय कोपऱ्यातच लागला पाहिजे."

ताईंनी प्लॅन उलट्या हातानं आपल्याकडे ओढला. "आग्नेयेले तुमचं न्हानीघर हाय."

"चालेल. भिंतीला लावायचा."

"महाराज, तुमच्या अग्नीले पानी चालते का?"

काका गोंधळले. "दोष राहील, पण निवारण करता येईल. तांब्याची पट्टी जमिनीत पुरायची..."

"थे त मी पुरनारच हाय. तिले आमी अर्थिंग म्हनतो."

सुनंदा पदर तोंडाला लावून आत गेली. काकांनी एकदा होकायंत्राकडे, एकदा ताईंच्या बुटांकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात पुष्कळ विरोधक पाहिले असतील, पण आपलंच ऐकतोय असं दाखवणारा विरोधक त्यांना नवा असावा. ताई मात्र समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असं पाहा. जिथं मेन लागला, तिथं अग्नी आला. जिथं अग्नी आला, थो कोपरा आग्नेय. बरोबर?"

काकांनी होकायंत्र दोनदा फिरवून पाहिलं. शेवटी म्हणाले, "शास्त्राला धरून आहे." आणि मग आवाज खाली आणून, "ताई, आमच्या घरी इन्व्हर्टर सारखा ट्रिप होतो हो. काय असेल?"

"मेन कुठं हाय?"

"आग्नेयेला."

"न्हानीत?"

काकांनी होकायंत्र खिशात घातलं. ताईंनी त्यांना पत्ता विचारून घेतला.

मग त्यांनी मायला बोलावलं. आमची माय म्हणजे मुळात पाहुण्यांसमोर न येणारी बाई. घरातल्या यंत्रांशी तिचं नातं एवढंच, की रिमोटला हात लावण्याआधी ती मला हाक मारायची. ताईंनी तिला पुढच्या दाराच्या आतल्या भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "मायबाई, हात वर करा. ताणू नका. देवघरातली घंटी वाजवता तेवढाच."

मायनं हात केला. ताईंनी तिथं खडूनं रेघ मारली. माझ्या छातीपर्यंतसुद्धा ती रेघ आली नाही.

"इतका खाली?" सुनंदा म्हणाली. "अन् इथं समोरच? दारातून आल्या आल्या तेच दिसेल. मी तर म्हणत होते, बुटांच्या कपाटात आत घालू. किंवा वर एक निसर्गचित्र लावू."

"घर पेटलं का तुमी पयले निसर्ग पाहान का?" ताई म्हणाल्या. "पाहुण्यायले दिसते म्हनता ना? दिसू द्या. पाहुण्यालेही बंद करता आला पाह्यजे. दार याच्याजवय, म्हनजे बंद करून सिद्दं बाहीर. अन् उंची घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाची. उंच माणसाले वाकता येते, बुटक्याले वाढता येत नाई."

त्यांनी पिशवीतून एक स्विच काढला. गोल मूठ फिरवायचा, चकचकीत, मला फार आवडलेला. तो त्यांनी रेघेवर भिंतीला धरला आणि मायला म्हणाल्या, "फिरवा."

मायनं मूठ धरली. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात, हे मला माहीत होतं. म्हणजे औषधाच्या चिठ्ठीपुरतं माहीत होतं. मूठ हलली नाही. तिनं दोन्ही हात लावले. तोंड लाल झालं. मग माझ्याकडे पाहून कसनुसं हसत ती म्हणाली, "राहू दे वं बाई. मले कायले? बापू हाय ना बंद कराले."

"बापू शायेत राह्यतो दिवसभर," ताई म्हणाल्या, आणि स्विच पिशवीत परत टाकला. "हा तुमच्या घरचा नाई. दुसरा आनतो."

तो दुसरा आणायला मी दुकानात गेलो तेव्हा ताई कुठंतरी मीटर बघायला गेल्या होत्या. त्यांचे यजमान गौतमभाऊ दुकानात बसले होते. गोरे, गुबगुबीत, सतत सुपारी चघळणारे. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. डाव्या हातानं त्यांनी मला चहा ओतून दिला आणि माझी नजर गेलेली पाहून आपणच सुरुवात केली.

"बाकीच्यायचे नवरे बायकोच्या मुठीत राह्यतात सर. मी त मूठच ठेवली नाई."

आणि मग त्यांनी सांगितलं. दोघं एकाच जिनिंगमध्ये होते. गौतमभाऊ फिटर, ताई पॅनेलवर. एकदा मशीनमध्ये सरकी अडकली. मेन बंद केला आणि भाऊ हात घालून ती काढत होते. बाहेरून मुकादम ओरडला, "चालू करा!" त्याला वाटलं काम झालं. पॅनेलरूममधून मशीन दिसत नव्हतं. ताईंनी मेन चालू केला.

"ताईंनीच?" मी विचारलं.

"हिनंच. तेवीस वर्साची पोरगी. मी दवाखान्यात, अन् ही रोज डबा घेऊन येऊन भिताडाकडं तोंड करून बसे. बोले नाई, रडे नाई. मी म्हनलं, बाई, बोटं माझे गेले, तुही जीभ गेली का? तवा पयल्यांदा हासली." भाऊंनी चहाचा घोट घेतला. "मंग मी म्हनलं, आता तूच जेवाले घाल जनमभर. डाव्या हातानं मले वरनभात कालवता येत नाई."

तेवढ्यात ताई दारात आल्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. पिशवी खाली ठेवत म्हणाल्या, "किती बोटं सांगतली यायनं तुमाले?"

"तीन."

"दोन. तिसरं यायनं सोता घालवलं, दिवाळीत सुतळी बॉम्ब हातात धरून. पण नाव माहं."

भाऊ खो खो हसले. ताईंनी फळीवरून खोका काढला आणि माझ्या पुढ्यात उघडला. लोखंडी पेटी, बाजूला लांब दांडी. दिसायला अगदी जिनिंगमधल्यासारखी, म्हणजे कुरूप. दांडीच्या खाली एक भोक होतं. त्यावर बोट ठेवून ताई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

"हे भोक पाहून घ्या सर. कुलपाचं हाय. मेन बंद केला का कुलूप लावाचं अन् चाबी आपल्या अंगावर ठेवाची. ज्यानं बंद केलं, त्यानंच चालू कराचं. दुसऱ्या कोनी ओरडून सांगतलं तरी नाई."

त्यानंतर लगेच त्या मूळच्या आवाजावर आल्या. "अन् हा चार पोलचा हाय. तीन फेज अन् न्यूट्रल, चारी संगच तुटतात. काहून माहीत हाय?"

मी नाही म्हणालो. इतक्या दिवसांत ते एक मला सहज म्हणता यायला लागलं होतं.

"तीन फेज म्हनजे तीन भाऊ. न्यूट्रल म्हनजे माय. माय घरात हाय तवरिक तिघायले सारखं वाढते, दोनशे तीस, दोनशे तीस, दोनशे तीस. माय निंगून गेली का मंग ज्याच्या हाती लागलं तो खाते. एक चारशेपर्यंत फुगते, दुसरा उपाशी मरते. घरातलं सगळं जयते. म्हनून याच्यात माय एकटी पयले बाहीर पडत नाई. सगयायच्या संग जाते, अन् परत येताना सगयायच्या पयले येते."

शाळेत मी तीस वर्षं उपमा आणि दृष्टान्त शिकवतोय. असा एक मला सुचलेला नाही.

दांडी मायला ओढता आली. एका हातानं, खट्कन. ताईंनी तिच्याकडून ती वीस वेळा वरखाली करून घेतली. पहिल्या पाच वेळा माय डोळे मिटून करत होती. विसाव्या वेळी तिनं सुनंदाला बाजूला सरकायला सांगितलं. स्विच ताईंनी स्वतःच बसवला, मला टॉर्च धरायला लावून, आणि टॉर्च नीट धरता न आल्याबद्दल माझ्या शिक्षणावर दोन शब्द बोलून.

वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकानं त्या लोखंडी पेटीकडे पाहून विचारलं, "हे काय, इथं?" समोरचे शेटजी तर म्हणाले, "सर, आमच्याकडचा बघा एकदा. बेडरूममध्ये कपाटामागं घेतला आहे, दिसतसुद्धा नाही." सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी ताईंकडे पाहिलं. ताई बुंदी खात होत्या.

पुढच्या हंगामात, कापसाच्या दिवसांत, ते घडलं. दुपारी दोनचा सुमार. मी शाळेत, सुनंदा यवतमाळला, माय घरी एकटी. जिनिंगकडे जाणारा एक ट्रक रस्ता चुकून आमच्या गल्लीत शिरला. कापूस इतका उंच भरलेला की वरच्या तारांपैकी एक त्यात अडकली आणि तुटली. तुटलेली तार नेमकी न्यूट्रलची.

मायनं मला नंतर सांगितलं ते असं. हॉलमधली ट्यूब एकदम भगभगली, स्वयंपाकघरातला दिवा मेल्यासारखा पिवळा झाला. पंखा वादळासारखा फिरायला लागला. फ्रिज 'घूं' करून कण्हायला लागला आणि टीव्हीमागून धूर आला. "मले वाटलं, अंगात आलं घराच्या," ती म्हणाली. पण ती ओरडली नाही. खुर्चीवर चढली नाही, कोणाला हाक मारली नाही. उठून दारापाशी गेली आणि दांडी खाली ओढली. घर गप्प झालं.

मग तिनं फोन केला. मला नाही, ताईंना. आणि ताईंनी "पयले मेन बंद करा" म्हणायच्या आत माय म्हणाली, "केला."

मी शाळेतून धावत आलो तेव्हा गल्लीत कालवा चालला होता. एका घरचा टीव्ही गेला होता, एकाकडे पंप. शेटजींच्या बेडरूममध्ये चौघं मिळून कपाट ओढत होते. ते सागवानी होतं. ते सरकेपर्यंत दोन एसी आणि फ्रिज जळून गेले आणि पडद्यानं पेट घेतला. पडदा शेटाणींनी बादलीनं विझवला. कोणाला इजा झाली नाही, एवढं नशीब.

आमच्या दारात माय खुर्ची टाकून बसली होती. मागं लोखंडी पेटी. दांडीला कुलूप. चाबी पदराच्या गाठीला. तासाभरानं कोणीतरी तात्पुरती तार जोडली आणि गल्लीतून आवाज आला, "आली लाइन! चालू करा!" मी आत जायला लागलो. मायनं हात आडवा केला.

"ताई येईपरेंत नाई."

"अगं माय, लाइन आली. सगळ्यांनी चालू केलं."

"करू दे. मी बंद केला. मीच चालू करन."

मी मुख्याध्यापकांशी भांडू शकतो. खुर्चीतल्या त्या चार फूट आठ इंचांशी मला भांडता आलं नाही. अर्ध्या तासानं ताई आल्या. पिशवीतून दोन बल्ब एकामागे एक जोडलेला होल्डर काढला, मेनच्या वरच्या बाजूला एकेक फेज न्यूट्रलशी लावून तपासली. मग बाहेर जाऊन खांबावर काम करणाऱ्या माणसांना त्या पाच मिनिटं जे बोलल्या ते मला इथं लिहिता येणार नाही. तात्पुरती जोडलेली न्यूट्रल नुसती पिळून ठेवली होती. ती पुन्हा, नीट जोडली गेली. मगच त्या आत आल्या, बल्ब पुन्हा लावून पाहिले आणि मायसमोर उभ्या राहिल्या.

"मायबाई, आता करा."

मायनं गाठ सोडली, कुलूप काढलं, दांडी वर केली. दिवे लागले. आमचा फक्त टीव्हीचा डबा गेला होता.

ताई खाली बसल्या. मला वाटलं पाणी हवं असेल. पण त्या मायचा हात हातात घेऊन बसल्या, या वेळी सरळ तळहातानं. मी चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा दोघी हसत होत्या, माय त्यांना विचारत होती, "त्या शेटाच्या पडद्याले आता कोनती दिशा लागन वं?"

त्यानंतर ताईंचं आमच्याकडे येणं वाढलं. माझ्यासाठी नव्हे. मी शाळेत असताना त्या मायकडे यायच्या, दोघी ओट्यावर बसून गल्लीतल्या प्रत्येकाची लायकी काढायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या उन्हाळ्यात, महागावला. एका जुन्या सहकाऱ्याकडे काम होतं, ते आटोपून मी एसटीनं परत निघालो होतो, तर बस गावातच अडकली. पुढं वरात होती. डीजेच्या गाडीमागं पन्नास-साठ माणसं नाचत होती आणि त्यांच्या मधोमध पंचशीलाताई. त्यांच्या भाचीचं लग्न होतं, असं नंतर कळलं. त्या कोणत्याच तालावर नाचत नव्हत्या. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, गरगर फिरत होत्या. गौतमभाऊ समोर कमरेवर हात ठेवून ठुमकत होते आणि पोरी त्यांच्याभोवती रिंगण करून शिट्ट्या मारत होत्या. इतकं वाईट नाचणारं आणि इतकं खूश असलेलं जोडपं मी दुसरं पाहिलेलं नाही.

फिरता फिरता ताईंना मी खिडकीत दिसलो. त्या ओरडल्या, "ओ सर! या खाली!" गर्दीतून वाट काढत त्या बसपाशी आल्या, खिडकीच्या गजाला धरून म्हणाल्या, "उतरा ना जी. जेवून जा. दोन गाणे त नाचा."

मी घड्याळ दाखवलं. दुसऱ्या दिवशी पेपर तपासून द्यायचे होते. आणि खरं कारण सांगायचं तर गावात माझे जुने विद्यार्थी होते, त्यांच्यादेखत नाचायची लाज वाटली. "पुढच्या वेळी नक्की," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. घामानं त्यांचं कुंकू नसलेलं कपाळ चमकत होतं. "मास्तरच हा तुमी," त्या म्हणाल्या. बस हलली. त्यांनी खिडकीवर दोन थापा मारल्या, मला हातानंच 'जा' केलं, आणि पुन्हा नाचायला गर्दीत शिरल्या.